काफ आणि क़ाफ : मराठी कानाला एकच वाटणारी दोन अक्षरे

अरबी वर्णमालेत क़ाफ हे एकविसावे अक्षर आणि काफ हे बाविसावे, म्हणजे दोन्ही अगदी शेजारी; तरीही ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, इतके अंतर त्यांच्या उच्चाराने पडते. मराठीने मात्र या दोहोंना एकाच ‘क’मध्ये सामावून घेतले. कलम, कायदा, किल्ला, हक्क, फरक हे आपले शब्द मुळात क़ाफचे, तर वकील, मालक, हुकूम हे काफचे. आपल्या लेखनात किंवा बोलण्यात त्याची कोणतीही खूण उरलेली नाही. येथे ओळख पटावी म्हणून क़ाफखाली नुक्ता दिला आहे.

काफ आपल्या ‘क’च्या जवळचा आहे. जिभेचा मागचा भाग मृदू तालूला टेकतो आणि सुटताना थोडा श्वास बाहेर पडतो. क़ाफसाठी जीभ आणखी मागे, थेट पडजिभेपाशी टेकवावी लागते आणि तो श्वास सोडायचा नसतो. तोंडासमोर तळहात धरून दोन्ही उच्चार केल्यास काफच्या वेळी हाताला हलकी झुळूक लागते, क़ाफच्या वेळी ती जवळजवळ जाणवत नाही. क़ाफ म्हणताना घसा खाकरू नये. घर्षण झाले की तो ‘ख़’कडे झुकतो.

माझ्या मते शिकणाऱ्याने आधी व्यंजनापेक्षा त्याच्या पुढच्या स्वराकडे कान द्यावा. काफनंतरचा ‘अ’ पुढे सरकतो आणि ‘कॅल्ब’सारखा ऐकू येतो, क़ाफनंतरचा ‘अ’ खोल आणि भरदार राहतो. कुराणपठणाच्या शास्त्रात क़ाफची गणना जीभ वर उचलून जाड उच्चारायच्या सात अक्षरांत होते, काफची होत नाही, आणि स्वरातला हा फरक त्यातूनच येतो.

लिहिताना गोंधळ फारसा होत नाही, कारण क़ाफच्या डोक्यावर दोन टिंबे असतात आणि काफवर एकही नसते.

बोलीभाषांत मात्र चित्र पालटते. कैरोत क़ाफच्या जागी घशातला क्षणिक अटकाव येतो आणि हृदय ‘अल्ब’ होते. आखातात क़ाफचा बहुधा ‘ग’ होतो. त्यामुळे तेथे नोकरीला गेलेल्या कोकणातल्या माणसाला ‘कतार’ हे नाव स्थानिकांच्या तोंडून ‘गतर’सारखे ऐकू येते, पण ‘कुवेत’ काफचे असल्याने त्याचा ‘क’ टिकून राहतो. पॅलेस्टाइनच्या काही खेड्यांत क़ाफ ‘क’च्या जागी सरकला आहे आणि काफचा ‘च’ झाला आहे. तिथे हृदयाला ‘कल्ब’ म्हणतात आणि कुत्र्याला ‘चल्ब’.