जॅक सारखा, वायर वेगळी: बासची केबल आणि स्पीकरची केबल

बास गिटारच्या अँपला (अँप्लिफायरला) दोन केबल लागतात. एक गिटारपासून अँपच्या इनपुटपर्यंत, दुसरी अँपच्या आउटपुटपासून कॅबिनेटपर्यंत, म्हणजे स्पीकरच्या खोक्यापर्यंत. दोन्हींच्या टोकांना तोच ६.३५ मिलिमीटरचा जॅक, दोन्हींवर काळं रबरी आवरण, आणि चाचपून पाहिलं तरी जाडीत फारसा फरक नाही. फेस्ताचा किंवा लग्नाचा कार्यक्रम आटोपला की सगळ्या वायरी एकाच पिशवीत कोंबल्या जातात. पुढच्या वेळी घाईत हाताला लागेल ती कॅबिनेटला लावली जाते. आवाज येतो, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

ओळख पटवायची तर जॅकची मागची नळी फिरवून काढा. आत मधोमध प्लास्टिकमधली एकच बारीक तार असेल आणि तिच्याभोवतीची केसांसारख्या तारांची जाळी एका बाजूला पिळून जॅकच्या लांब पट्टीला सोल्डर केलेली असेल, तर ती गिटारची केबल. सारख्याच जाडीच्या दोन वायरी असतील, बहुधा एक लाल आणि एक काळी, आणि जाळी कुठेच नसेल, तर ती स्पीकरची. साच्यातला बंद जॅक असेल तर आवरणावरची छपाई वाचा: ‘२ × १.५’ किंवा ‘२ × २.५’ असं काही असेल तर ती स्पीकरची. छपाई पुसलेली आणि जॅकही उघडत नाही, अशी केबल कॅबिनेटला लावू नये. मल्टिमीटरचा इथे उपयोग नाही. तो दोन्हींना ‘टूं’ असंच म्हणतो.

आता फरक का पडतो ते. बासच्या पिकअपमधून (तारांची थरथर टिपणाऱ्या भागातून) येणारा सिग्नल व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि करंट जवळजवळ शून्य. तिथे तार बारीक असली तरी बिघडत नाही. बिघडतं ते बाहेरचं काही आत शिरलं तर. म्हणून जाळी: ती अर्थशी जोडलेली असते आणि दिव्यांच्या, जनरेटरच्या वायरींमधून येणारी ५० हर्ट्झची घरघर बाहेरच अडवते.

अँपच्या पलीकडे सगळं उलटं. ३०० वॅटचा अँप ४ ओहमच्या कॅबिनेटला पूर्ण ताकदीने वाजवताना वायरीतून सुमारे ८.७ अँपिअर जातात, व्होल्टेज ३५ च्या जवळ. घरघर शिरली तरी एवढ्या सिग्नलपुढे ती ऐकूही येणार नाही. इथे हवं ते फक्त तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या ३ मीटर केबलमध्ये जाती-येती मिळून सुमारे ०.०४ ओहम भरतात, म्हणजे त्या ३०० वॅटमधले जेमतेम ३ वॅट वायरीत जिरतात. गिटारच्या केबलची मधली तार ०.२२ चौरस मिलिमीटरची धरली तर तेवढ्याच लांबीत एकट्या त्या तारेत १७-१८ वॅट. जाळीचा वाटा वेगळा. छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळ जाणारी ही उष्णता प्लास्टिकच्या आत कोंडलेली असते.

संगीत काही सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, म्हणून सरावाच्या खोलीत कमी आवाजात ही केबल महिनोन्‌महिने चालतेही. खरी परीक्षा उघड्यावर होते, जिथे व्हॉल्यूम चढतो आणि तास-दोन तास उतरत नाही. आधी आवाजातला घट्टपणा जातो, मग जॅक हाताला गरम लागतो. आतलं प्लास्टिक मऊ होऊन तार जाळीला टेकली की आउटपुट शॉर्ट. नव्या अँपमध्ये बहुधा संरक्षण असतं, तो बंद पडून वाचतो. जुन्या ट्रान्झिस्टर अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. व्हॉल्व्हच्या अँपला, उदाहरणार्थ अँपेग कंपनीच्या १९६९ सालच्या ३०० वॅटच्या एसव्हीटी या मॉडेलला, उलटी भीती: वायर तुटून लोडच (म्हणजे जोडलेला स्पीकरच) नाहीसा झाला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्ह अँप कॅबिनेट न जोडता कधी वाजवू नये, ते याचसाठी.

उलटी चूक, म्हणजे स्पीकरची केबल गिटारला, फारशी महाग पडत नाही. जळत काही नाही, पण गिटारला हात लावा वा न लावा, घरघर थांबत नाही. चतुर्थीच्या आरासीतले डिमर आणि एलईडीच्या माळा जवळ असतील तर विचारूच नका. घरघरीचा दोष अँपवर ढकलून तो दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून पाहा.

राहिला कनेक्टर. जॅक मुळात या कामाचा नव्हेच. तो अर्धवट बाहेर आला की त्याचं टोक आणि बाही (टोकामागचा लांब धातूचा दांडा) सॉकेटच्या पत्तीवर क्षणभर एकत्र टेकू शकतात, म्हणजे चालू अँपला शॉर्ट. कोणी वायरीत पाय अडकवला तर तो निसटतो, कारण कुलूप नाही. शिवाय त्याची बाही उघडी असते. हल्लीचे हलके क्लास-डी अँप बरेचदा ब्रिज्ड आउटपुटचे असतात. त्यांच्या आउटपुटची कुठलीच बाजू अर्थ नसते. तिथे बाही दुसऱ्या यंत्राच्या धातूला टेकली तरी गडबड होऊ शकते.

स्पीकॉन हा कनेक्टर याच कामासाठी बनवलेला. लिश्टेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीने तो १९८७ मध्ये आणला. आत ढकलून पाव फेरा फिरवला की खटका लागतो, आणि खटका मागे ओढल्याशिवाय निघत नाही. संपर्काच्या पट्ट्या आत लपलेल्या, त्यामुळे जोडताना-काढताना शॉर्ट होत नाही. तुमच्या अँप आणि कॅबिनेटला दोन्ही सॉकेट असतील तर स्पीकॉनच घ्या, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. काही सॉकेट असे असतात की बाहेरची कड स्पीकॉनची आणि मधोमध जॅकचं भोक. त्यांनाही स्पीकॉनच लावा.

एक मेख मात्र आहे. स्पीकॉन दोन आणि चार पोलचे (संपर्कांचे) असतात. दोन पोलचा प्लग चार पोलच्या सॉकेटात बसतो, चार पोलचा दोन पोलच्यात बसत नाही. बास कॅबिनेटला साधारणपणे १+ आणि १− एवढेच संपर्क लागतात. पीएवाल्याकडून (लाउडस्पीकरवाल्याकडून) मागून आणलेली चार पोलची केबल २+ आणि २− वर जोडलेली असली, तर खटका नीट बसूनही कॅबिनेट मुकं राहतं.

तयार केबल मिळाली नाही तर घरी बनवणं अवघड नाही. इलेक्ट्रिकल दुकानात ‘टू कोअर, अडीच स्क्वेअर एमएम, फ्लेक्सिबल’ मागा. विजेच्या जोडणीची बारीक-तारी कॉपर वायर इथे उत्तम चालते. स्वस्त बंडल मात्र एक तार ब्लेडने खरवडून तपासा. आत पांढरट चमकलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे: रोध सुमारे दीडपट, सोल्डर कच्चं, आणि वाकवून वाकवून लवकर तुटते. समुद्रकाठच्या शॅकवर वाजवणाऱ्यांनी ती घेऊच नये. खारट दमट हवेत कापलेल्या टोकाशी ॲल्युमिनियम भराभर खराब होतं. तांबंही काळं पडतं, पण टोक कापून नवं सोलता येतं.

स्पीकॉनची मागची चकती आणि पकड केबलवर आधी ओवा. हे विसरून सगळं पुन्हा सोडवणारे कमी नाहीत. आवरण २० मिलिमीटर, वायरी ८ मिलिमीटर सोला. लाल १+ ला, काळी १− ला, स्क्रू घट्ट. टोकांना सोल्डर लावू नका: दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि चार कार्यक्रमांनी स्क्रू ढिला होतो. तारा विस्कटत असतील तर दाबून बसवायची धातूची टोपी लावा. जॅकच लावायचा असेल तर १.५ घ्या, कारण अडीचची केबल बहुतेक जॅकच्या नळीत शिरत नाही. आणि स्पीकरच्या वायरीला भिंतीच्या सॉकेटात जाणारा टू-पिन प्लग चुकूनही लावू नये. एक दिवस कोणीतरी तो २३० व्होल्टमध्ये घालतोच.

लांबी कमीत कमी ठेवा. अँप कॅबिनेटवरच असेल तर एक मीटर पुष्कळ झाला. लांब पल्ला हवा तर तो गिटारच्या केबलने गाठा, स्पीकरच्या नव्हे. ८ ओहमची दोन कॅबिनेट जोडताना दुसरं पहिल्याच्या मागून घेतलं, तर अँपपासून पहिल्यापर्यंतच्या केबलमधून दोघांचा करंट जातो, कारण अँपला आता ४ ओहम दिसतात. तीच केबल सर्वांत जाड असू द्या.

दोन कॅबिनेट लावूनही बास एकापेक्षा पातळ वाटला, तर बहुधा एका केबलची टोकं उलटी जोडली गेलीत. अँप बंद करून प्रत्येक केबलच्या अँपकडच्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धन बाजू १+ ला किंवा जॅकच्या टोकाला. दोन्ही कॅबिनेटमधल्या स्पीकरचे शंकू (कोन) एकाच दिशेने, सहसा पुढे, सरकले पाहिजेत. जे उलटं सरकेल त्याची केबल उघडा.