लिमाची 1613 सालची झडती

सन 1613. स्थळ : स्पॅनिश पेरूची राजधानी लिमा. व्हाइसरॉय मार्केस दे मोन्तेस्क्लारोसच्या हुकमावरून मिगेल दे कोन्त्रेरास नावाचा लेखनिक गल्लीबोळ पालथे घालत होता. घर असो वा दुकान, आत शिरायचं आणि तिथल्या प्रत्येक 'इंडिओ'ला, म्हणजे स्पॅनिशांच्या भाषेत मूळ रहिवाशाला, विचारून वहीत टिपायचं : नाव काय, गाव कुठलं, कुराका, म्हणजे गावचा प्रमुख, कोण, वय किती, काम काय? 18 ते 50 वयाच्या पुरुषांवर डोईपट्टी होती. ती वसूल करायची तर माणूस कोणत्या गावच्या खात्यावर आहे ते आधी कळायला हवं.

लिमा शहर पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदार पिझारोने 1535 मध्ये वसवलं. देवी-गोवराच्या साथींनी किनाऱ्यावरची मूळ वस्ती काही दशकांत ओसरली, त्यामुळे या वहीतले बहुतेक लोक बाहेरगावचे आहेत : कोणी अँडीजच्या डोंगरातले, कोणी उत्तर किनाऱ्यावरचे. गावात राहिलं की डोईपट्टी आणि 'मिता' नावाची सक्तीच्या कामाची पाळी, दोन्ही मानगुटीवर. शहरात लपायला गर्दी होती. कुराकाचं नाव विचारल्यावर कित्येकांनी सांगितलं की आपण फार लहानपणी इथे आलो, आठवत नाही. काहींचं खरंही असेल. सगळ्यांचं असेल असं मला वाटत नाही.

लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांना अशी वही म्हणजे घबाडच. बायकांपेक्षा पुरुष जास्त, ऐन उमेदीतले जास्त, मुलं कमी. स्थलांतरितांच्या वस्तीची ही नेहमीची खूण. वयांवर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसली की माणसं 20, 30, 40 असे पूर्ण आकडे सांगतात आणि आलेखात तिथे उंचवटे उभे राहतात. शिवाय पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषाला आपलं वय वाढवून सांगण्यात सरळ फायदा होता.

खरी गंमत धंद्यांच्या नोंदींत आहे. सगळ्यात जास्त भरतात ते शिंपी, मग चांभार. खाण किंवा शेत सोडून आलेला मजूर, या आपल्या मनातल्या चित्रात ते बसत नाहीत. कसब शिकायची रीतही पक्की होती. नोटरीपुढे करारनामा व्हायचा : पोरगं उस्तादाकडे ठरावीक काळ राहणार, उस्ताद त्याला हुन्नर शिकवणार, जेवण-कपडे देणार, आजारी पडलं तर औषधपाणी करणार.

आणि याच वहीत, 'इंडिओ' म्हणूनच नोंदलेली, शंभराहून जास्त आशियाई माणसं आहेत! जपानची, फिलिपाइन्स-चीनकडची, आणि 'पोर्तुगालच्या इंडिया'ची, म्हणजे गोवा ज्याची राजधानी होती त्या मुलखातली. पोर्तुगीज जहाजांतून मनिलापर्यंत, तिथून गलबताने मेक्सिकोच्या आकापुल्कोला आणि पुढे पेरूला, असा हा प्रवास. त्यांतले काही गुलाम होते. काहींचं काम होतं श्रीमंतांच्या गळ्याभोवतीच्या चुणीदार कॉलरना खळ देऊन तापलेल्या लोखंडाने एकेक चुणी उघडायची. त्यांच्यापैकी कोणी कोकणी बोलणारं होतं का, हे वही सांगत नाही. मला मात्र ते विचारल्याशिवाय राहवत नाही.

सरकारला इंडिओ शहरभर विखुरलेले नको होते. शहराच्या पूर्वेला भिंतीआड 'सेर्कादो' नावाची वेगळी वस्ती बांधून ती जेझुइटांच्या ताब्यात दिली होती. 1590 मध्ये नदीपलीकडच्या सान लासारोतल्या लोकांना बळजबरीने तिथे हलवलं. तरीही 1613 मध्ये लेखनिकाला भिंतीबाहेर, स्पॅनिश मालकांच्या घरांत नि दुकानांत, इतके इंडिओ सापडले.

बायकांचे धंदे या वहीत फारसे कळत नाहीत. त्यासाठी त्यांची मृत्युपत्रं वाचावी लागतात. चिचा, म्हणजे मक्याची दारू, विकणाऱ्या बायका, कुणाला उसने दिलेले पैसे, सेर्कादोतला जमिनीचा तुकडा, आणि पेटीतल्या खांद्यावर घ्यायच्या 'यिक्या' : काही गावाकडच्या विणीच्या, काही रेशमी.