दगडातली पानं आणि विदर्भाचं जुनं हवामान

मे महिन्यात दुपारी चंद्रपूरच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो आणि माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. याच चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडकाच्या एका लादीवर समांतर ओरखडे आहेत. वाहतं पाणी दगड गुळगुळीत करतं, त्याला असं ओरबाडत नाही. असे ओरखडे हिमनदीचे असतात. ती तळाशी दगडगोटे पकडून पुढे सरकते आणि पॉलिश पेपर घासावा तशी खालचा खडक घासत जाते. त्या लादीवर लहानमोठ्या, कशाचा कशाला मेळ नसलेल्या गोट्यांचा थर आहे. बर्फ वितळताना सोडून गेला तो हा गाळ, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. भूवैज्ञानिक त्याला ओडिशातल्या तालचेर गावाच्या नावाने ओळखतात.

बर्फ होता, इतकं दगड सांगतो. तो गेल्यावर इथली हवा कशी होती, पाऊस किती पडायचा, हिवाळा किती कडक असायचा, हे विचारायचं तर झाडांकडे जावं लागतं. प्राणी थंडी वाढली की दुसरीकडे जातो नाहीतर बिळात शिरतो. झाडाला जागा सोडता येत नाही. जिथे रुजलं तिथेच ते सगळे उन्हाळे-पावसाळे अंगावर काढतं, आणि त्याची खूण पानाच्या कडेवर, लाकडाच्या वलयांत, पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांत राहते. डायनोसॉरच्या हाडांभोवती गर्दी जमते हे खरं, पण जुन्या हवेबद्दल विचारायचं असेल तर मी पानाचा शब्द आधी धरेन.

तालचेरच्या थरांत बर्फ ओसरताना आलेली पहिली पानं सापडतात ती गँगॅमॉप्टेरिस या नामशेष झाडाची. त्याच्या वरच्या थरांत, म्हणजे वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या काळात, ग्लॉसॉप्टेरिसचं राज्य सुरू होतं. जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. १८२८ साली ब्रॉन्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं तेही जिभेवरूनच. नावातला दुसरा शब्द ‘नेचा’ या अर्थाचा आहे, पण ग्लॉसॉप्टेरिस नेचा नव्हतं, बिया धरणारं झाड होतं. नागपूरच्या आसपासची अशी पानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने हौसेने गोळा केली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

ही पानं अनेकदा सुटी मिळत नाहीत. पत्रावळींची चळत ठेवावी तशी एकावर एक पसरलेली मिळतात. म्हणजे झाडं वर्षातल्या ठरावीक काळात एकदम पानं झाडत होती. आपल्याकडचा सागही उन्हाळ्याच्या तोंडावर उघडाबोडका होतो, पण तो पाण्याच्या टंचाईमुळे. मग ग्लॉसॉप्टेरिसची पानगळही दुष्काळी हवेची खूण म्हणायची का? इथे कोळसा साक्षीला येतो. पडलेलं पान उघड्यावर कुजून जातं. त्याचा कोळसा व्हायचा तर ते वर्षभर पाण्याखाली, हवेपासून तुटलेलं राहावं लागतं. पाण्याची कमतरता नव्हती, तरी पानं गळत होती. मग कारण उरतं थंडीचं आणि लहान होत जाणाऱ्या दिवसांचं. ग्लॉसॉप्टेरिसच्या काळातल्या लाकडांतली ठळक वलयंही हेच सांगतात की वाढ काही महिने चालायची आणि मग थांबायची. त्या वेळी भारत दक्षिण गोलार्धात खूप खाली, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला जोडलेला होता.

ही जोडणी पटवून देण्यात या पानाचा मोठा हात आहे. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी उपासमार आणि थंडीने गेले. त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा सोबत सुमारे १६ किलो दगड होते. वाटेत बिअर्डमोर हिमनदीजवळ गोळा केलेले. शेवटच्या दिवसांत एकेक पाऊल जड झालेलं असताना त्यांनी ते फेकले नाहीत. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस होतं. नागपूरजवळच्या खाणीत मिळणारं पान अंटार्क्टिकातही मिळालं. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, पण त्या १६ किलोंशी आलं की आजही थांबायला होतं.

२५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार झाला आणि ग्लॉसॉप्टेरिसचं युग आटोपलं. भारत पुढे मोकळा झाला आणि उत्तरेकडे निघाला. आता थेट ६.६ कोटी वर्षांपूर्वी येऊ, दख्खनच्या लाव्ह्यापाशी.

लाव्हा एकसलग वाहिला नाही. एक थर निवायचा, त्यावर माती धरायची, खोलगट जागी तळी साचायची, रान उगवायचं आणि पुन्हा लाव्हा यायचा. दोन थरांच्या मध्ये दबलेल्या या गाळाला अंतर-लाव्हा थर म्हणता येईल. पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) झाडांच्या पेशीपेशीत शिरली आणि लाकडं, फळं, बिया, फुलंसुद्धा चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या कठीण दगडात जशीच्या तशी राहिली. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव आणि मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलान ही यासाठी नावाजलेली ठिकाणं.

अशा चर्टची कापून घासलेली चकती एकदा माझ्या हातात आली होती. रंग काळपट तपकिरी आणि सगळीकडे फिकट ठिपके. भिंग लावल्यावर एकेका ठिपक्यात बारीक नळ्यांचा जुडगा दिसला. नारळाचं किंवा शिंदीचं खोड आडवं कापलं की हेच दिसतं. ती चकती ताडकुळातल्या झाडाची होती. पेशींची आणखी बारीक रचना बघायची तर घासलेला पृष्ठभाग काही क्षण हायड्रोफ्लुओरिक ॲसिडमध्ये धरतात. वरची सिलिका विरघळते आणि पेशींच्या भिंती किंचित उभ्या राहतात. त्यावर ॲसिटोन ओतून ॲसिटेटची पातळ फिल्म चिकटवायची आणि वाळल्यावर सोलून काढायची. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या पेशी त्या फिल्मवर उतरतात.

ताड सापडला याला हवामानाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. या कुळातल्या बहुतेक झाडांना वाढीचा एकच शेंडा असतो. कडाक्याच्या हिमात तो गोठला की झाड गेलं, बाजूने फांदी फुटत नाही. म्हणून थरांत ताडांची खोडं भरपूर असतील तर तिथे कडक हिवाळा नव्हता, हे जवळपास नक्की. शिवाय या थरांतल्या बऱ्याच लाकडांत वलयं अस्पष्ट आहेत किंवा नाहीतच. वाढ वर्षभर चालू होती. ग्लॉसॉप्टेरिसच्या विदर्भाच्या अगदी उलट.

मोहगाव कलानला निपाची फळंही मिळाली. निपा हा खाऱ्या-मचूळ पाण्याच्या चिखलात वाढणारा ताड, आज तो सुंदरबनात आणि अंदमानात आहे. छिंदवाड्यापासून समुद्र आज शेकडो किलोमीटर लांब, म्हणून समुद्राचा एखादा फाटा तेव्हा इथवर आला होता, असं अनेक अभ्यासक मानतात. १९३४ साली जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी दख्खनचे लाव्हा थर नेमके कोणत्या काळातले, हा प्रश्न या वनस्पतींच्या आधारे मांडला. निपाची फळं लंडनजवळच्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या चिकणमातीत खूप मिळतात, त्यामुळे दख्खनही त्याच सुमाराचा असावा, असा त्यांचा कल होता. पुढे किरणोत्सारी मोजणीने दख्खनचं वय ६.६ कोटींच्या आसपास ठरलं. निपा आपल्याकडे इंग्लंडच्या आधीच पोचलेला होता.

तापमान अंशांत काढायचं असेल तर पानांची कड बघतात. १९१५ साली बेली आणि सिनॉट या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं की उष्ण प्रदेशातल्या झाडांत अखंड कडेची पानं जास्त असतात आणि थंड प्रदेशात दातेरी. आंबा, वड, फणस, जांभूळ आठवून पाहा, सगळ्यांच्या कडा सरळ. कडुनिंब दातेरी, म्हणून एका झाडावरून काही ठरवायचं नसतं. एका जागच्या अनेक प्रजाती मोजायच्या. अखंड कडेच्या प्रजातींचा वाटा १० टक्क्यांनी वाढला तर वार्षिक सरासरी तापमान ढोबळमानाने ३ अंशांनी जास्त धरतात. पिंपळासारखं लांब टोक हे मुसळधार पावसाच्या रानांत जास्त दिसतं, पाणी पानावरून लवकर निथळावं म्हणून.

हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला पर्णरंध्रं कामी येतात. पान या छिद्रांतून तो वायू आत घेतं, पण त्याच वाटेने पाणीही गमावतं. हवेत वायू मुबलक असेल तर कमी छिद्रांत भागतं. १९८७ साली इयन वुडवर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने संग्रहालयात जपून ठेवलेली जुनी पानं तपासली, तेव्हा २०० वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. हेच माप जीवाश्म पानांना लावतात. आणि इथे ग्लॉसॉप्टेरिस पुन्हा भेटतं. त्याने पर्मियन काळाच्या, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या हवेतून ओढलेला कार्बन बल्लारपूर, घुग्घुस, वणीच्या कोळशात पुरला गेला होता. तो आपण वीजकेंद्रांत जाळतो आहोत. औद्योगिक क्रांतीआधी हवेत दर १० लाख भागांत २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या वर गेला आहे आणि नव्या पानांवर त्याची नोंद होते आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातच वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे शेतात डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी (बिरबल साहनींचे पुतणे) आणि सहकाऱ्यांनी ती विरघळवून आत काय आहे ते पाहिलं. ताड, सूचिपर्णी झाडं आणि फुलझाडं यांच्या खुणांसोबत त्यांना गवताचे फायटोलिथ मिळाले. गवत उपटताना बोट कापतं ते पात्यातल्या सिलिकेमुळे. फायटोलिथ म्हणजे या सिलिकेचे सूक्ष्म कण. भाताचं तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. आगीतून वाचतात, तसे हे कण पोटातूनही सुखरूप बाहेर पडतात. प्रत्येक गवतगटाचा आकार वेगळा, म्हणून ओळखही पटते. डायनोसॉरच्या काळात गवत असल्याचा इतका ठोस पुरावा तोवर नव्हता, आणि इथे तर निदान पाच गट निघाले. त्यांत बांबूकडचे होते, भाताकडचेही होते. याच थरांतल्या जुन्या मातीत चुन्याच्या गाठी आहेत, त्या कोरड्या ऋतूची खूण देतात. रान, मधूनमधून मोकळी जागा, ओलसर काठ आणि वर्षातून एकदा येणारा कोरडा काळ, असं तिथलं चित्र उभं राहतं.

पिसदुऱ्याच्या शिवारात हे गोटे नांगरटीत वर येतात. गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे तर दगड झालेली अख्खी खोडं उघड्यावर पडलेली आहेत आणि लोक त्यांचे तुकडे शोकेससाठी उचलून नेतात. थरापासून सुटलेल्या तुकड्याचं वयही सांगता येत नाही, मग हवामान तर दूरच. असं काही दिसलं तर ते जागेवरच राहू द्या. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, गावाचं नाव आणि जागा लिहून घ्या आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.