काळ्या पट्ट्यापासून ‘नव्वद-शंभर’पर्यंत

हेडलाइटला कंपनीचा ‘पंचावन्न-साठ’ वॅटचा बल्ब ठेवावा की ‘नव्वद-शंभर’ घालावा, हा आपल्या गॅरेजांतला जुना वाद. खोक्यावर आकडे उलट्या क्रमाने छापलेले असतात, ६०/५५ आणि १००/९०. पहिला अप्परचा म्हणजे लांबच्या झोताचा, दुसरा डिपरचा म्हणजे खाली वळवलेल्या झोताचा. वाद वॅटचा दिसतो खरा, पण त्याचं मूळ मला काचेवरच्या काळ्या पट्ट्यात सापडतं.

आधीचा इतिहास थोडक्यात. मोटारीसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच-१, युरोपात १९६२ साली आला. त्यात एकच फिलामेंट होती. एकाच बल्बात अप्पर-डिपर देणारा एच-४ आला १९७१मध्ये. आपल्याकडे अँबेसडर आणि फियाट तेव्हा साध्या पिवळसर उजेडावर धावत होत्या. हॅलोजन इथे रुळला तो मारुतीनंतरच्या वर्षांत, आधी हौस म्हणून, मग कंपनीकडूनच बसवलेला.

आता तो पट्टा. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउट होता तेव्हा गाड्यांच्या दिव्यांचा वरचा भाग काळा करत, विमानातून उजेड दिसू नये म्हणून. पुढे शांततेच्या काळातही तसाच काळा पट्टा किंवा टिकली हेडलाइटवर मारली जाऊ लागली, या वेळी समोरच्या चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून. रस्ता सुरक्षा सप्ताहात रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मोहिमा निघायच्या. हेतू चांगला होता. पण एच-४च्या बाबतीत उपाय नेमका उलटा बसतो. या बल्बात डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बामागच्या चकचकीत आरशाच्या, वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. म्हणजे साध्या गोल दिव्यात डिपर बाहेर पडतो तोच मुळी काचेच्या वरच्या भागातून. तिथेच काळा रंग मारला की सभ्यपणे डिपरवर चालणाऱ्याचा उजेड कापला जातो. अप्पर मात्र पूर्ण रिफ्लेक्टर वापरतो, त्यामुळे त्याचा खालच्या काचेतून येणारा झोत शाबूत राहतो. ज्याला आवर घालायचा होता तो मोकळा, आणि ज्याला काही करायला नको होतं त्याच्या डोळ्यांसमोर अंधार! मग कशेडी घाटात पावसाळी रात्री डिपरवर काही दिसेना, तेव्हा माणूस एकतर अप्पर लावून ठेवणार किंवा गॅरेजात जाऊन जास्त वॅटचा बल्ब मागणार. लोकांनी दोन्ही केलं.

गंमत म्हणजे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतलं दिव्याच्या झोताचं कलम रंगाचं नाव काढत नाही. डिपरचा झोत असा खाली वळलेला हवा की दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. हा सगळा मामला फोकस सेट करण्याचा आहे. भिंतीसमोर गाडी उभी करून दोन स्क्रू फिरवायचं काम. ते करण्याऐवजी ब्रश हातात घेणं सोपं होतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

नव्वद-शंभर घातल्यावर काय झालं, हे त्या काळात वायरिंगची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा. दोन अप्पर मिळून १२० वॅटऐवजी २०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअरच्या जागी जवळजवळ १७. मूळ वायर बारीक, करंट थेट स्विचमधून जाणारा. प्लॅस्टिकचे होल्डर वितळले, स्विच जळले. मग जाड वायर, रिले (मूळ स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडणारा वेगळा स्विच) आणि सिरॅमिक होल्डर असा संच बाजारात आला. त्यातला खरा लाभ बराचसा रिलेचा होता, हे उशिरा उमगलं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनच्या घाताने बदलतो. बारीक वायरीत व्होल्टेज गळून बल्बपर्यंत १३.२ऐवजी १२.२ व्होल्टच पोचले तर उजेड सुमारे पाऊणपट उरतो. जाड वायरीवर कंपनीचाच बल्ब उजळून निघायचा. श्रेय मात्र नव्वद-शंभरला मिळायचं. शिवाय नजरेचा टप्पा दुप्पट करायचा तर उजेड चौपट लागतो. ६०चे १०० वॅट केल्याने फार तर तीसेक टक्के पुढचं दिसतं, तेही समोरच्याच्या डोळ्यांच्या किमतीवर. पुढे काचेऐवजी प्लॅस्टिकची भिंगं आली आणि ही जादा उष्णता त्यांनाही सोसेना.

याच सुमारास वॅट न वाढवता ‘शंभर टक्के जास्त उजेड’, ‘एकशे तीस टक्के’ अशा आकड्यांचे बल्ब आले. आकडा सपशेल खोटा म्हणता येत नाही. फिलामेंट बारीक आणि घट्ट गुंडाळलेली असते, आत झेनॉन वायू जास्त दाबाने भरलेला असतो, त्यामुळे झोताच्या मध्याशी, रस्त्यावरच्या काही ठरावीक बिंदूंवर उजेड खरंच वाढतो. पण तुलना असते नियमातल्या किमान उजेडाशी, तुमच्या गाडीतल्या चांगल्या बल्बशी नव्हे. एकूण उजेड एच-४च्या ठरलेल्या मापातच राहतो, अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेनच्या आसपास. किंमत दुप्पट-तिप्पट, आयुष्य कमी. निळसर ‘पांढऱ्या’ बल्बांचं तर विचारूच नका: काचेवरचा निळा थर थोडा उजेड गिळतोच, आणि तो भरून काढायला फिलामेंट आणखी तापवावी लागते.

१ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच लागतो. त्यातल्या ३५/३५ वॅटच्या बल्बाजागी चारचाकीचा बल्ब बसवायचे प्रयोगही झाले. बिचाऱ्या बॅटरीने ते फार दिवस सोसले नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोहिमा निघतात त्या आता हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेल्या एलईडींविरुद्ध. जर्मनीने २०२०मध्ये काही मोजक्या गाड्यांसाठी असे एलईडी तपासून मान्य केले. गाडीचं मॉडेल आणि दिव्याचा प्रकार जुळला तरच. दरम्यान अनेक नव्या गाड्यांत हेडलाइटचा करंट संगणक मोजतो. वेगळी वायर ओढून रिले बसवला की त्याला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि डॅशबोर्डवर इशारा लागतो.