लिबेरो आणि स्टॉपर: एक मोकळा, कारण दुसरा बांधलेला

१९७४ चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या संघाची आखणी आज कुठेही पाहिली, तर बचावफळीत चार नावं एका रेषेत मांडलेली दिसतात. दोन कडांना फोग्ट्स आणि ब्राइटनर, मध्ये ४ नंबरचा श्वार्झेनबेक आणि ५ नंबरचा बेकेनबाउर. आजचा प्रेक्षक ते पाहून म्हणतो, म्हणजे दोन सेंटर बॅक, बचावाच्या मध्यात जोडीने उभे राहणारे. गल्लत होते ती इथेच. प्रत्यक्ष मैदानात हे दोघं शेजारी शेजारी क्वचितच उभे असायचे आणि त्यांच्या कामात फारसं काही सारखं नव्हतं. श्वार्झेनबेक होता स्टॉपर, बेकेनबाउर लिबेरो.

त्या काळी जर्मनीत माणूस वाटून घेऊन बचाव करत. स्टॉपरच्या वाट्याला समोरचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधला आघाडीवीर, यायचा. तो डावीकडे सरकला की स्टॉपर डावीकडे. तो चेंडू मागायला स्वतःच्या हाफमध्ये उतरला तरी हा त्याच्या मागे. जागा सोडली म्हणून कुणी स्टॉपरला बोलत नसे, माणूस सुटला की मात्र धडगत नसे. १९७४ च्या अंतिम सामन्यात तर कागदावर राइट बॅक असलेला फोग्ट्सही नेदरलँड्सच्या क्रॉयफच्या पाठी लावलेला होता.

लिबेरोला असा माणूसच नेमलेला नसायचा. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी निसटला की आडवं जायचं, मागे पडलेला चेंडू उचलायचा. साठच्या दशकात प्रशिक्षक हेलेनिओ हेरेराच्या इंटर मिलानमध्ये आर्मांदो पिकी हे काम करायचा, आणि तो आपली जागा सहसा सोडत नसे.

बेकेनबाउरने या भूमिकेतली पळवाट शोधली. लिबेरोकडे माणूस नाही, तसं लिबेरोवरही कुणाचं लक्ष नाही. प्रतिस्पर्धी फॉरवर्ड आपापल्या पहारेकऱ्यांपासून सुटण्यात गुंतलेले असताना लिबेरोच्या पायाशी चेंडू आला, तर समोर मोकळं रान असतं. इंटरचाच लेफ्ट बॅक फाकेत्ती पुढे मुसंडी मारायचा, त्यावरून आपल्याला हे सुचलं, असं बेकेनबाउर सांगत असे. शिवाय तो मूळचा मिडफिल्डर. १९६६ चा विश्वचषक तो मधल्या फळीत खेळला आणि अंतिम सामन्यात बॉबी चार्लटनची राखण करता करता स्वतःही अडकून पडला. मागून वर येताना ही अडचणच नव्हती.

मग तो वर गेल्यावर मागच्या खिंडाराचं काय? फुटबॉलवरच्या लेखनात हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. उत्तर आहे गेओर्ग श्वार्झेनबेक, म्युनिकमध्येच जन्मलेला, बेकेनबाउरपेक्षा अडीच वर्षांनी लहान. वाट्याला आलेला फॉरवर्डही सांभाळायचा आणि कप्तान बेकेनबाउर पुढे सरकला की मागची जागाही झाकायची. हेडर, टॅकल आणि चेंडू जवळच्या गड्याकडे, झालं. देखणा खेळाडू म्हणून त्याचं कधी नाव झालं नाही. बेकेनबाउरला जर्मनीत ‘कैसर’ (सम्राट) म्हणत, आणि याला ‘कैसरचा सफाईवाला’. सफाईचं काम खरं तर लिबेरोचं, पण या जोडीत ते स्टॉपरच्या गळ्यात पडलं होतं.

आकडे मात्र बोलके आहेत. बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, बेकेनबाउरचे ४२४ सामने, श्वार्झेनबेकचे ४१६. बेकेनबाउरचे त्यातले २८ हॅम्बुर्गसाठी आहेत, म्हणजे दोघांच्या बायर्न म्युनिक क्लबसाठी निव्वळ पाहिलं तर श्वार्झेनबेकच जास्त खेळला. शिवाय श्वार्झेनबेकच्या नावावर देशासाठी ४४ सामने, १९७२ ची युरो (युरोपीय देशांची स्पर्धा), १९७४ चा विश्वचषक, आणि १९७४ ते ७६ लागोपाठ तीन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचं अजिंक्यपद. बेकेनबाउर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला गेला. श्वार्झेनबेक एकाच क्लबात राहिला आणि टाचेच्या शिरेच्या दुखापतीने खेळ सुटल्यावर म्युनिकमध्ये वह्या-पेनं नि वर्तमानपत्रांचं दुकान चालवू लागला. बायर्नच्या कचेरीला स्टेशनरीही त्याच्याकडूनच जायची.

या स्टॉपरने एकदा लिबेरोचं काम केलं, ती तारीख १५ मे १९७४. ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर युरोपियन कपचा अंतिम सामना, बायर्नविरुद्ध अॅटलेटिको माद्रिद. नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळेत ११४ व्या मिनिटाला लुइस आरागोनेसची फ्री किक जाळ्यात. शेवटच्या मिनिटाला चेंडू श्वार्झेनबेककडे आला तेव्हा तो गोलपासून पंचवीसेक मीटरवर होता आणि त्याला अडवायला कुणीच पुढे आलं नाही. साहजिकच आहे, स्टॉपर तिथून मारेल असं कोणाच्या मनात येणार? त्याने सरपटता फटका मारला आणि १-१. तेव्हा अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टींवर लागत नसे. दोन दिवसांनी पुन्हा खेळले, बायर्न ४-० ने जिंकलं. ह्योनेसचे दोन, म्युलरचे दोन. जर्मन क्लबचा तो पहिला युरोपियन कप.

जुना सामना बघताना ही दोन माणसं ओळखायची तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना पाहावं. जो वारंवार मान वळवून एकाच गड्याला शोधतो तो स्टॉपर. जो थोडा मागे, चेंडूकडे तोंड करून, निवांत वाटतो तो लिबेरो. १९९० चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघातही हे स्पष्ट दिसतं. प्रशिक्षक बेकेनबाउर, लिबेरो आउगेनथालर आणि त्याच्यापुढे कोलर व बुखवाल्ड. अंतिम सामन्यात बुखवाल्डने माराडोनाला जखडून ठेवलं होतं.

पुढे प्रशिक्षक साकीच्या एसी मिलानसारखे संघ चौघांची रेष एकत्र वर सरकवू लागले, तेव्हा लिबेरोची पंचाईत झाली. तो रेषेच्या मागे उभा राहिला की प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइड पकडता येत नाही. जर्मनीने तरी हट्ट सोडला नाही. १९९६ ची युरो झामरला लिबेरो ठेवून जिंकली, आणि २००० च्या युरोत ३९ वर्षांच्या माथेउसला तिथेच उभं करून एकही सामना न जिंकता घरी आले.

हल्ली जर्मनीच्या हुमेल्ससारख्या लांब पास देणाऱ्या सेंटर बॅकला कौतुकाने ‘आधुनिक लिबेरो’ म्हणतात. मला ते पटत नाही. पास सुंदर असला तरी त्याला रेष पाळावी लागते, शेजाऱ्याशी अंतर राखावं लागतं. मागची मोकळी जागा राखायचं काम गोलकीपरकडे गेलंय. २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा गोलकीपर नॉयर पुन्हा पुन्हा पेनल्टी बॉक्सबाहेर धावत होता, ते काम जुन्या लिबेरोचंच.