वडिलांचे वय आणि शुक्राणू: डीएनए तुटणे वेगळे, डीएनए बदलणे वेगळे

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाच्या वीर्याच्या तपासणीत ‘डीएनए फ्रॅगमेंटेशन’चा, म्हणजे शुक्राणूंमधला डीएनए तुटण्याचा, आकडा जास्त आला की होणाऱ्या बाळात जनुकीय दोष येणार, अशी धास्ती अनेक जोडपी घेतात. हा निष्कर्ष त्या अहवालातून निघत नाही. वयाबरोबर शुक्राणूंमधला डीएनए तुटण्याचे प्रमाणही वाढते आणि त्यातली नवी उत्परिवर्तनेही (डीएनएमधले बदल) वाढतात, म्हणूनच हा घोळ होतो.

डीएनए हा जनुकीय माहितीच्या अक्षरांचा लांब धागा मानला, तर तुटणे म्हणजे त्या धाग्याला चीर पडणे. त्यावरची अक्षरे तीच राहतात. ताप, तंबाखू, वृषणाच्या फुगलेल्या शिरा यांमुळेही ते वाढते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागत असल्याने कारण दूर झाले तर पुढची तपासणी सुधारलेली येऊ शकते. शिवाय फलनानंतर स्त्रीबीज काही चिरा स्वतः सांधते. त्या फार असतील तर गर्भ न राहण्याचा किंवा गर्भपाताचा धोका वाढतो.

उत्परिवर्तनात धागा अखंड असतो, अक्षर मात्र बदललेले असते आणि ते बाळाच्या प्रत्येक पेशीत उतरू शकते. वृषणातल्या, शुक्राणू बनवणाऱ्या मूलपेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात आणि दर वेळी नक्कल करताना चूक राहू शकते. आइसलँडमधील २०१७ च्या अभ्यासात १,५४८ मुलांची आईवडिलांशी तुलना केली, तेव्हा वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे दीड नवा बदल आढळला. म्हणजे पंचविशीच्या आणि पंचेचाळिशीच्या बापात फरक सुमारे तीस अक्षरांचा, तोही तीन अब्ज अक्षरांत. बहुतेक बदल निरुपद्रवीच असतात. अपवाद आहे तो हाडांची वाढ खुंटवणाऱ्या अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियासारख्या विकारांचा. त्यात एफजीएफआर३ जनुकातले एकच अक्षर बदलते, आणि असा बदल झालेली मूलपेशी शेजारणींपेक्षा जास्त फोफावते, म्हणून तिच्यापासून बनणारे शुक्राणू वयाबरोबर वाढत जातात.

अमेरिकेत २२ ते ८० वर्षांच्या ९७ पुरुषांवर झालेल्या २००६ च्या अभ्यासात तुटलेला डीएनए आणि एफजीएफआर३ मधला हा बदल, दोन्ही वयाबरोबर वाढलेले दिसले. गुणसूत्रांच्या संख्येतल्या चुका मात्र वाढल्या नव्हत्या. एक गुणसूत्र जास्त असल्याने होणाऱ्या डाउन सिंड्रोमचा वयाशी असलेला संबंध मुख्यतः आईच्या बीजाचा आहे.

नेहमीची वीर्यतपासणी संख्या, हालचाल आणि आकार पाहते. फ्रॅगमेंटेशनची तपासणी फक्त चिरा मोजते. बदललेली अक्षरे या दोन्हींत दिसत नाहीत. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतही बहुधा सुटतो, कारण हाडांचा आखूडपणा साधारण त्यानंतरच्या आठवड्यांत उघड होतो.