पॅप स्मिअरचा रिपोर्ट ‘अ‍ॅबनॉर्मल’ आला, मग पुढे काय?

रिपोर्टवर ‘अ‍ॅबनॉर्मल’ हा शब्द दिसला की पुढचं काही वाचवत नाही. डोक्यात कॅन्सर हा एकच शब्द घुमत राहतो. पण ही चाचणी मुळात त्याच्या कितीतरी आधीचं काहीतरी शोधत असते: गर्भाशयमुखाच्या पेशींत नुकता पडू लागलेला फरक. त्या फरकापासून कॅन्सरपर्यंत पोचायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि बहुतेक वेळा तिथवर मजल जातच नाही.

या फरकामागे बहुतांशी एचपीव्ही हा विषाणू असतो. तो आणि हा कॅन्सर यांचं नातं उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८चं नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. दहातल्या नऊ जणींचं शरीर साधारण दोन वर्षांत त्याला परतवून लावतं. लागण खूप जुनीही असू शकते, म्हणून रिपोर्टवरून जोडीदारावर संशय घेणं अन्यायाचं आहे.

बदल सौम्य असेल तर अनेकदा वर्षभराने पुन्हा तपासणी, एवढंच सांगतात. तो तीव्र असेल, किंवा एचपीव्हीचे १६ वा १८ हे धोकादायक प्रकार सापडले, तर कॉल्पोस्कोपी करतात. नाव भारदस्त असलं तरी यंत्र शरीराबाहेरच राहतं; डॉक्टर भिंगातून फक्त पाहतात. आधी गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, तेच जे व्हिनेगरमध्ये असतं. बिघडलेल्या पेशींची केंद्रकं मोठी आणि दाट असल्याने मिनिटाभरात तो भाग पांढरा दिसू लागतो. मग आयोडीन. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरपूर असतं, त्या गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या फिक्या पिवळसर राहतात. इतक्या साध्या रसायनांनी डोळ्यांना न दिसणारा फरक उमटतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. संशयित जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, जातो.

कॅन्सरपूर्व बदलांची पायरी ‘सीआयएन’ने सांगतात. बायोप्सीत सीआयएन-१, म्हणजे सौम्य बदल, आलं तर ते बहुधा आपोआप मागे फिरतं, म्हणून नुसतं लक्ष ठेवतात. सीआयएन-३, म्हणजे तीव्र बदल, मात्र तसंच सोडलं तर ३० वर्षांत सुमारे ३० टक्के स्त्रियांमध्ये त्याचा कॅन्सर होतो, म्हणून ते काढतात. ‘लीप’ या पद्धतीत जागा बधिर करून तारेच्या विद्युतकड्याने तेवढाच भाग कापतात. काम काही मिनिटांचं. मात्र जास्त खोल कापावं लागलं तर पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो. मूल हवं असेल तर हे उपचाराआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

उपचारानंतरची तपासणी टाळू नये, कारण बदल परत येऊ शकतात. आणि संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाला, तर मागचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जावं.